वजन घटतंय, भूक वाढलीय, धडधड थांबत नाही: हा थायरॉईड असू शकतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३४, सात महिन्यांची मुलगी, ती अंगावर पिते. गेल्या चार महिन्यांत वजन ५८ वरून ५१ किलोवर आलं, जेवण मात्र पूर्वीपेक्षा जास्त. छातीत धडधडतं, रात्री झोप नाही, केस मूठमूठ गळतात म्हणून बायोटिनची गोळी चालू आहे. साखर नॉर्मल आली. घरचे म्हणतात बाळंतपणाचा अशक्तपणा, एका डॉक्टरांनी टेन्शनची गोळी लिहून दिली. मग लॅबच्या पॅकेजमध्ये टीएसएच ०.०१ आला. "पण थायरॉईडमध्ये तर वजन वाढतं ना? आईला थायरॉईड आहे, तिची सकाळची गोळी मी सुरू करू का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. आईची गोळी घेऊ नका, अर्धीसुद्धा नाही. त्यांची गोळी बहुधा थायरॉक्झिनची असणार, म्हणजे ग्रंथी कमी काम करते म्हणून बाहेरून दिलेलं हार्मोन. तुमच्या रिपोर्टवरून ते तुमच्या रक्तात आधीच गरजेपेक्षा जास्त असावं असं दिसतं. त्यात आणखी भर घातली तर आगीत तेल.

आपल्याकडे 'बीपी आहे' म्हटलं की वाढलेलंच, असं धरून चालतात. तसं 'थायरॉईड आहे' म्हटलं की वजन वाढलेलं, सुस्ती, थंडी वाजणं हेच चित्र डोळ्यांपुढे येतं. ते कमी थायरॉईडचं चित्र. तो खरोखरच जास्त आढळतो, म्हणून तेच लोकांच्या डोक्यात बसलंय. जास्त थायरॉईड बरोबर उलटा वागतो आणि त्यामुळेच निसटतो. वजन घटलेल्या बाईला थायरॉईड असेल असं घरात कुणाच्या मनातही येत नाही. आधी साखर बघतात, मग छातीचा एक्सरे काढून टीबी बघतात, दोन्ही ठीक आलं की उरतं ते 'टेन्शन'.

दुसरा घोळ टीएसएचच्या आकड्याचा. आकडा कमी म्हणजे थायरॉईड कमी, असं बरेच जण वाचतात. टीएसएच गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत तयारच होत नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं आणि थायरॉईडला 'काम कर' अशी हाक देतं. थायरॉईड आळसावला की पिट्युटरी ओरडून ओरडून हाक मारते, टीएसएच वाढतो. थायरॉईड स्वतःहूनच बेभान काम करत सुटला, तर हाक मारायची गरज राहत नाही, पिट्युटरी गप्प बसते. बहुतेक लॅबमध्ये नॉर्मल साधारण ०.४ ते ४ धरतात. ०.०१ म्हणजे पिट्युटरीने तोंड जवळजवळ मिटून घेतलंय.

ती गप्प का बसली, याची उत्तरं मात्र चार-पाच निघतात, आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा. त्याकडे येतोच. आधी लक्षणं.

एकेक सुटं घेतलं तर यातलं काहीच आजारासारखं वाटत नाही. उकडतंय? उन्हाळाच आहे. झोप नाही? बाळ उठवतं. चिडचिड? कुणाची होत नाही! ती सगळी एकाच माणसात, एकाच दोन-तीन महिन्यांत गोळा झाली की मात्र कान टवकारायचे. मी ओपीडीत अशा पेशंटचा हात आधी हातात घेतो. घाबरलेल्या माणसाचा तळवा ओला पण गार असतो. थायरॉईडचा तळवा ओला आणि गरम, नुकताच गरम चहाचा कप खाली ठेवल्यासारखा. मग दोन्ही हात समोर ताठ करायला सांगतो, बोटं पसरून, आणि वर एक साधा कागद ठेवतो. नुसत्या डोळ्यांना हाताचं थरथरणं दिसलं नाही तरी कागदाची कड बारीक फडफडताना दिसते. म्हातारपणातल्या कंपवातासारखं हे मोठं हलणं नसतं. चालू मिक्सरवर हात ठेवल्यावर जाणवेल तितकी बारीक थरथर.

नाडी दिवसा मोजून फारसं कळत नाही, दवाखान्यात आल्यावर कुणाचीही वाढते. ती झोपेत मोजायची. नवऱ्याला सांगा, तुम्ही गाढ झोपलेल्या असताना मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजायची. टेन्शनवाल्याची नाडी झोपेत उतरते, ६०-७० वर येते. थायरॉईडची झोपेतही ९०-१०० च्या घरात पळत राहते, कारण माणूस झोपला तरी हार्मोन झोपत नाही. यावरून निदान होत नाही, पण 'हे सगळं मनाचं आहे' असं म्हणणाऱ्यांपुढे हा आकडा ठेवता येतो.

तिसरी खूण स्नायूंची, आणि ती पेशंट आपणहून जवळजवळ कधीच सांगत नाही. मांड्या आणि दंड यांतली ताकद कमी होते. म्हणून मी विचारतो: खाली मांडी घालून बसल्यावर हात न टेकता उठता येतं का? देशी संडासात उठताना नळ धरावा लागतो का? कपडे वाळत घालताना हात वर धरून भरून येतात का? रेल्वेच्या पुलाचा जिना मध्ये थांबून चढता का? 'अशक्तपणा आहे हो' या एका वाक्यात हे सगळं बुडून गेलेलं असतं.

इथे माझीच एक चूक सांगतो, कारण ती मी विसरत नाही. पन्नाशीला आलेल्या एक शिक्षिका. घाम, गरम वाफा, झोप नाही, पाळी अनियमित. मी रजोनिवृत्ती धरून चाललो आणि पाच महिने त्याच वाटेने गेलो. त्या हळदीकुंकवाला खाली बसायचं टाळू लागल्या होत्या, मी ते गुडघ्यांवर टाकलं. एके दिवशी हसत हसत म्हणाल्या, "डॉक्टर, बँकेने माझा चेक परत पाठवला, सही जुळत नाही म्हणे." मी म्हटलं हात पुढे करा बघू. कागद ठेवायचीही गरज पडली नाही. रजोनिवृत्तीची गरम वाफ येते आणि जाते, दहा मिनिटांत ओसरते. थायरॉईडचं उकडणं जात नाही. घरात सगळे पांघरूण घेऊन झोपलेले आणि ही एकटी पंखा पाचवर लावून. हा फरक मी तेव्हा विचारायला हवा होता.

बाकीची लक्षणं पटापट सांगतो. पोट दिवसातून एकदा साफ व्हायचं ते तीनदा होतं, जुलाब नव्हे, फेऱ्या वाढतात. पाळीत अंगावरून कमी जातं किंवा ती लांबते. केस बारीक होऊन गळतात. एखाद्या नखाची पुढची कड खालच्या मांसापासून सुटते आणि तिथे मळ अडकत राहतो. गळ्यात पुढे, कॉलरच्या वर भरल्यासारखं दिसतं, ब्लाउजचा किंवा शर्टाचा गळा घट्ट होतो. पाण्याचा घोट गिळताना आरशात बघा, थायरॉईडची सूज गिळताना वर सरकते. आणि वजन नेहमी घटतंच असं नाही. भूक इतकी खवळते की काही तरुण पेशंट उलट दोन-तीन किलो वाढवून येतात. 'वजन घटलं नाही म्हणजे हे नाही' असंही धरू नका.

डोळ्यांबद्दल मात्र थोडं थांबून. जास्त हार्मोनमुळे वरची पापणी किंचित मागे ओढली जाते, बुबुळाच्या वर पांढरी रेघ दिसते आणि माणूस सतत दचकल्यासारखा दिसतो. हे कुठल्याही कारणाच्या जास्त थायरॉईडमध्ये होऊ शकतं. पण डोळा खरोखर पुढे येणं, टोचणं, सकाळी पापण्या सुजणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, हे जवळजवळ एकाच आजारात होतं. तो ग्रेव्हज. पेशंटला स्वतःला हा बदल कळत नाही, कारण तो रोज आरशात बघतो. दोन-तीन वर्षांपूर्वीचा फोटो काढून शेजारी धरा. दिसायला अंधुक झालं, रंग फिके वाटू लागले, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं.

या ग्रेव्हजची गोष्ट जुनी आहे. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली धडधड आणि गळ्याची सूज एकत्र असलेल्या स्त्रियांबद्दल लिहिलं, जर्मनीत कार्ल फॉन बासेडो यांनी १८४० मध्ये त्यात डोळ्यांची भर घातली. यात शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून अशी प्रतिपिंडं बनवते, जी थायरॉईडवर जाऊन टीएसएचची नक्कल करतात. पिट्युटरी गप्प, पण दारात दुसराच कुणी तिच्या आवाजात हाका मारतोय, आणि थायरॉईड आज्ञाधारकपणे राबतोय. जास्त थायरॉईडचं सर्वात मोठं कारण हेच, विशेषतः २० ते ५० वयात.

दुसरं कारण गाठीचं. गळ्यात वर्षानुवर्षं असलेल्या गलगंडातली एखादी गाठ कुणाचंच न ऐकता स्वतःच्या मर्जीने हार्मोन बनवू लागते. हे जास्त करून साठीच्या पुढे. ज्या भागांत पूर्वी अन्नपाण्यात आयोडीन कमी होतं तिथे असे जुने गलगंड अजून दिसतात. आपल्याकडे राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला तो त्यासाठीच. आता काही जण 'थायरॉईड वाढलाय' म्हणून स्वतःच आयोडीनयुक्त मीठ बंद करून सैंधव सुरू करतात. नेहमीच्या मिठातलं आयोडीन फार थोडं असतं, त्याने तुमचा आजार झालेला नाही. लहान मूल असलेल्या घरात तर ते मीठ बंद करणं चुकीचंच.

तिसरं कारण गळतीचं. थायरॉईडच्या आत काही आठवडे पुरेल इतकं हार्मोन साठवलेलं असतं, गोदामच म्हणा ना. ग्रंथीला सूज आली की गोदामाची भिंत फुटते आणि जुना माल रक्तात सांडतो. ग्रंथी नवीन काही बनवत नसते. सर्दीतापानंतर दोन-तीन आठवड्यांनी गळा दुखू लागला, दुखणं कानापर्यंत गेलं आणि धडधड सुरू झाली तर ही सूज असण्याची शक्यता मोठी. बाळंतपणानंतर अशीच सूज न दुखता येते. मला तुमच्या बाबतीत तिचा विचार करावाच लागतोय.

चौथं कारण बाहेरून आलेलं हार्मोन किंवा आयोडीन. थायरॉक्झिनचा डोस जास्त होणं, वजन कमी करायच्या नाव नसलेल्या पुड्या, समुद्री शेवाळाच्या गोळ्या, सीटी स्कॅनमधलं आयोडीनचं डाय. आणि ॲमिओडेरॉन. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठीची ही गोळी, तिच्या वजनाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग आयोडीनचा. घरात सासरे किंवा वडील ती घेत असतील तर दर सहा महिन्यांनी टीएसएच बघायचा, विसरायचं नाही.

आता कुणाला जास्त धोका. स्त्रियांना पुरुषांच्या पाच ते दहापट. आई, मावशी, बहीण यांना कुठलाही थायरॉईड असेल तर तुम्हाला शक्यता जास्त. 'कुठलाही' हा शब्द महत्त्वाचा: आईला कमी, मुलीला जास्त, असं एकाच घरात सर्रास चालतं, कारण मुळाशी तीच बिथरलेली संरक्षणव्यवस्था असते. अंगावर पांढरे कोड, लहान वयातला इन्सुलिनवरचा मधुमेह, बी-१२ शोषलं न जाण्याचा आजार, हे त्याच कुळातले. बाळंतपणानंतरचं वर्ष. आणि बिडी-सिगारेट. ग्रेव्हजच्या डोळ्यांना धुरासारखा दुसरा वैरी नाही, सिगारेट ओढणाऱ्यांत डोळ्यांचा त्रास जास्त होतो, जास्त बिघडतो आणि औषधाला कमी दाद देतो.

हे सगळं नसतानाही आजार होतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश, थोरले, १९९१ च्या मे महिन्यात कॅम्प डेव्हिडला धावताना दमले, ठोके अनियमित झाले, निदान निघालं ग्रेव्हज. पत्नी बार्बरांना तो आधीच झालेला होता. नवरा-बायको, रक्ताचं नातं नाही, म्हणून त्यांच्या घरचं पाणीसुद्धा तपासलं गेलं. काही सापडलं नाही.

पुरुषांमध्ये प्रमाण कमी म्हणूनच तो चुकतो. एक प्रकार आशियाई तरुण पुरुषांत विशेष दिसतो. लग्नात जिलेबी-पुरी चापून जेवलेला पंचविशीचा मुलगा पहाटे उठायला जातो तर दोन्ही पाय उचलत नाहीत. घरचे लकवा समजून रडारड करतात. रक्तातलं पोटॅशियम एकदम खाली गेलेलं असतं, ते सांभाळून भरून काढलं की काही तासांत पाय हलतात, आणि सगळे सुटकेचा श्वास टाकून घरी जातात. टीएसएच बघायचा राहिला की पुढच्या लग्नाला पुन्हा तेच.

म्हातारी माणसं आणखी फसवतात. सत्तरीच्या आजोबांना ना घाम, ना थरथर, ना चिडचिड. उलट मंद झालेत, जेवत नाहीत, कोपऱ्यात बसून असतात, कपडे ढगळे झालेत. घरचे कॅन्सर शोधत फिरतात किंवा वयावर ढकलतात. अशा वेळी इसीजीवर ठोक्यांची लय बिघडलेली दिसते, आणि कधीकधी पहिलं लक्षण म्हणून थेट अर्धांगवायूच येतो, कारण लय बिघडलेल्या हृदयात रक्ताची गुठळी तयार होऊन मेंदूत जाते. ठोक्यांची लय नव्याने बिघडलेल्या प्रत्येकाचा टीएसएच बघायचाच. हाडंही आतून ठिसूळ होतात, साध्या पडण्याने खुबा मोडतो.

तुमच्याकडे परत येतो. आधी ती बायोटिनची गोळी. दिवसाची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅमची, आणि केसांच्या गोळ्यांत ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे दीडशे ते तीनशेपट. शरीराला त्याने थेट अपाय होत नाही, पण बऱ्याच लॅबच्या यंत्रांमध्ये तपासणीची पद्धतच बायोटिनवर बेतलेली असते. त्यामुळे टीएसएच खोटा कमी, टी-फोर (म्हणजे थायरॉक्झिन) खोटा जास्त दिसू शकतो, अगदी ग्रेव्हजची प्रतिपिंडंसुद्धा खोटी वाढलेली दिसू शकतात. सात किलो वजन कुठली गोळी खोटं दाखवणार नाही, म्हणून तुमच्यात आजार खरा असावा असंच मला वाटतं. तरी आजपासून ती बंद करा, तीन-चार दिवस जाऊ द्या आणि मग रक्त द्या. लॅबवाल्यांना सांगूनही ठेवा.

रक्तात टीएसएचबरोबर फ्री टी-फोर आणि टी-थ्री, ही थायरॉईडची दोन्ही हार्मोनं हवीत. फक्त टी-फोर बघून 'नॉर्मल आहे' म्हणू नये, काही वेळा एकटा टी-थ्रीच वाढलेला असतो. सोबत टीएसएच रिसेप्टर अँटिबॉडी, म्हणजे ती नक्कल करणारी प्रतिपिंडं. ही तपासणी महाग आहे, पण तुमच्या बाबतीत पैसे तिथेच घालावेत. एरवी ग्रेव्हज आणि सूज यांतला फरक ओळखायला स्कॅन करतात: ग्रेव्हजमध्ये ग्रंथी औषध भराभर ओढून घेते, सुजेत जवळजवळ नाहीच. पण त्यात किरणोत्सारी पदार्थ टोचतात आणि तुम्ही मुलीला पाजताय. कुणी स्कॅन लिहून दिलाच तर पाजत असल्याचं आधी सांगा. तसंच एक इसीजी, आणि औषध सुरू होण्याआधी रक्तपेशींची मोजणी व यकृताची तपासणी.

दोघांपैकी कुठलं, हे मी इथून सांगू शकत नाही. बाळंतपणानंतरची सूज पहिल्या काही महिन्यांत येते आणि तिचा 'जास्त'चा टप्पा साधारण दोन-तीन महिन्यांत आपोआप उतरतो. तुम्हाला चार महिने झाले आणि अजून उतार नाही, म्हणून माझं पारडं ग्रेव्हजकडे झुकतं. डोळ्यांत बदल असेल तर आणखी झुकेल. ग्रेव्हज निघाला तर कार्बिमॅझोल किंवा मेथिमॅझोल दीड-दोन वर्षं चालतं, आणि नेहमीच्या मर्यादित डोसमध्ये मुलीला पाजणं बंद करावं लागत नाही. एक गोष्ट फ्रिजवर लिहून चिकटवा: ही गोळी चालू असताना ताप आला आणि घसा दुखला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजायच्या. क्वचित त्या एकदम घसरतात. सूज निघाली तर या गोळीचा उपयोगच नाही, कारण ग्रंथी नवीन काही बनवतच नाहीये. तेव्हा फक्त धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध पुरतं. दमा असेल तर ते आधी सांगा.

एमडी मेडिसिन किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्टची वेळ याच आठवड्यात घ्या. पण बसल्या जागी नाडी १३० च्या वर, जोराचा ताप, उलट्या, बडबड किंवा भ्रम, दम लागणं, यातलं काही झालं तर वेळेची वाट न बघता मोठ्या दवाखान्यात. त्याला थायरॉईडचं वादळ म्हणतात, ते क्वचित येतं, पण आयसीयूतही जीव घेऊ शकतं.

निदान सुजेचं ठरलं, तर आणखी एक सांगून ठेवतो. गोदाम रिकामं झालं की काही आठवड्यांनी पारडं उलटं फिरतं: टीएसएच वर जातो, थंडी वाजते, वजन चढू लागतं. बहुतेकींचं वर्षभरात पूर्ववत होतं, काहींचं होत नाही. म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त द्यावं लागेल. तसं झालंच तर कदाचित आईच्याच नावाची गोळी तुम्हालाही लिहून दिली जाईल, तुमच्या रिपोर्टवरून आणि तुमच्या डोसमध्ये. तोवर त्यांची बाटली त्यांच्याच कपाटात राहू द्या.